एका विषयात न मावणारी नदी

अकोले तालुक्यातल्या राजूरला दरवर्षी डांगी आणि संकरित जनावरांचं प्रदर्शन भरतं. जाणकार माणूस डांगी बैलाच्या पाठीवरून हात फिरवतो आणि मग बोटं एकमेकांवर घासून बघतो. बोटांना तेलकटपणा लागला, तर जनावर अस्सल. या जातीच्या कातडीतून तेलासारखा स्राव पाझरतो, म्हणून सह्याद्रीच्या पावसात चार महिने भिजूनही पाणी अंगात मुरत नाही. खूर काळे आणि टणक, भाताच्या खाचरात दिवसभर उभे राहिले तरी मऊ न पडणारे. पशुवैद्यकाच्या पुस्तकात हे सगळं एका परिच्छेदात बसतं.

बसत नाही ती बैलाभोवती चाललेली बोलणी. डांगी पूर्वीइतकी दिसत नाही, ही तिथली नेहमीची कुरबूर. मग कारणं निघतात. रानात चराईला जागा कुठे राहिली? वनखातं काय म्हणतं? धरणाच्या पाण्याखाली कोणती कुरणं गेली? पॉवर टिलर भाड्याने मिळत असताना बैलजोडी वर्षभर कोण पोसणार? पोरं नाशिकला कंपनीत लागली, तर गुरांमागे रानात जायचं कुणी? डांगी का घटते, हा प्रश्न एखाद्या विद्यापीठात नेला, तर कारकून विचारेल, ‘विषय कोणता?’ पशुविज्ञान, अर्थशास्त्र, कायदा, इतिहास, समाजशास्त्र यांपैकी एकाच्या रकान्यात तो घालायचा म्हटलं, तर उरलेल्या चारांत त्याचे हातपाय बाहेर राहतात.

अशा प्रश्नांसाठी जगभर एका वेगळ्या तऱ्हेची पदव्युत्तर पदवी आहे. इंग्रजीत तिला लिबरल स्टडीज म्हणतात. आपल्याकडे ‘आंतरविद्याशाखीय’ असा जिभेला व्यायाम देणारा शब्द रुळला आहे. एकाच विषयात खोल विहीर खणण्याऐवजी एखादा प्रश्न धरायचा आणि तो नेईल त्या शाखांत जायचं, अशी तिची रीत. आणि तिचा विद्यार्थी बहुतेकदा बावीस वर्षांचा नसतो. तो नोकरी करणारा, घर चालवणारा, पस्तिशी-चाळिशी गाठलेला माणूस असतो.

राजूरमध्ये अशा माणसांना तोटा नाही. अकोले गावाहून भंडारदऱ्याकडे जाताना लागणारं हे बाजाराचं गाव पर्यटकांना पेढ्यांमुळे आठवतं. पण इथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. त्यामुळे आश्रमशाळांचे शिक्षक, वसतिगृहांचे अधीक्षक, परिचारिका, वनरक्षक, ग्रामसेवक, बँकेतले लोक असा मोठा नोकरदार वर्ग गावात आणि आसपास नांदतो. बहुतेकांकडे एक पदवी आहे. गावात ॲड. एम. एन. देशमुख महाविद्यालय झाल्यापासून पदवीसाठी घर सोडण्याची सक्तीही उरलेली नाही. पुढचं एम.ए. मात्र अनेकांच्या बाबतीत ‘करू कधीतरी’ या सदरात पडून असतं. जे करतात, त्यातले पुष्कळजण वेतनश्रेणीसाठी किंवा बढतीसाठी करतात. त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. पोटाचं गणित सुटल्याशिवाय ज्ञानाची भूक लागते, असं फक्त पोट भरलेले लोकच म्हणतात.

‘लिबरल’ या शब्दाचा इतिहास फारसा उदार नाही. रोमन काळात गुलाम नसलेल्या, स्वतंत्र नागरिकाला शोभेल ते शिक्षण म्हणजे लिबरल. मध्ययुगीन युरोपात त्याच्या सात कला ठरल्या : व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल. हाताने करायच्या कामाला त्यात जागा नव्हती. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बहुशाखीय शिक्षणाचा वारसा सांगताना बाणभट्टाच्या ‘कादंबरी’चा आणि चौसष्ट कलांचा दाखला दिला आहे. या कलांत सुतारकामही येतं, ही जमेची बाजू. पण ‘कादंबरी’त त्या शिकणारा चंद्रापीड राजपुत्र होता. रोज लाकूड तासणाऱ्या सुताराला उरलेल्या त्रेसष्ट कला कुणी शिकवल्या का, हे धोरण सांगत नाही.

तो प्रश्न महाराष्ट्रात आधीच विचारला गेला होता. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रशाळा काढली. दिवसा राबणाऱ्याला रात्री शिकता आलं पाहिजे, ही त्यामागची सरळ गोष्ट. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केलं आणि मातृभाषेतून उच्च शिक्षणाचा आग्रह धरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडलं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना कामावर जाण्याआधी शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. खुद्द बाबासाहेबांनी १९१५ मध्ये कोलंबियातून एम.ए. केलं, ते अर्थशास्त्र मुख्य ठेवून आणि त्यासोबत समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र अभ्यासून. ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द तेव्हा कुणी वापरत नव्हतं, एवढंच.

अमेरिकेत वेस्लियन विद्यापीठाने १९५३ मध्ये प्रौढांसाठी असा पदव्युत्तर अभ्यास सुरू केला. तो प्रामुख्याने शाळाशिक्षकांसाठी होता, उन्हाळी सुट्टीत येऊन शिकणाऱ्या. जॉन्स हॉपकिन्सने १९६२ मध्ये तोच रस्ता धरला. ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झालं आणि १९७१ मध्ये त्याचे पहिले विद्यार्थी अभ्यासाला लागले. टपालाने आलेली पुस्तकं आणि बीबीसीवरचे कार्यक्रम, ही त्यांची वर्गखोली. भारतात १९८२ मध्ये हैदराबादला आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ आणि १९८५ मध्ये दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, उभं राहिलं. १ जुलै १९८९ ला नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आलं. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले मूळचे भौतिकशास्त्राचे. पुणे विद्यापीठाचं कुलगुरुपद सांभाळून झाल्यावर ते या नव्या कामात उतरले आणि पुढे इग्नूचेही कुलगुरू झाले. नाशिकच्या विद्यापीठाचं ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. दूरशिक्षणाची थट्टा करणाऱ्यांनी त्या ब्रीदाचे विनोद पुष्कळ केले. पण दहावी-बारावीपाशी थांबलेल्या पोलिसांपासून गृहिणींपर्यंत अनेकांच्या घरी पदवीचा कागद या विद्यापीठामुळे आला.

मुक्त विद्यापीठाचं पुस्तक नेहमीच्या पाठ्यपुस्तकासारखं नसतं. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मध्येमध्ये ‘स्वयं-अध्ययन प्रश्न’, त्यांची उत्तरं घटकाच्या शेवटी. प्राध्यापकाच्या जागी ‘समंत्रक’ असतो आणि तो सुट्टीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र घेतो. शिकवण्यापेक्षा अडलेलं सोडवणं हे त्याचं काम. म्हणजे न अडता आलेल्या विद्यार्थ्याला संपर्कसत्रातून फारसं मिळत नाही, आणि पुस्तक न उघडता आलेला तर कुठे अडलाय हेही सांगू शकत नाही. इग्नूच्या बहुतेक अभ्यासक्रमांत ‘असाइनमेंट’ हाताने लिहून द्यावी लागते आणि साधारण तीस टक्के भार तिला असतो. मुलं झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर रेघी कागद पसरून दहा-दहा पानं लिहिणारी बाई, हे दूरशिक्षणाचं खरं चित्र. माहितीपत्रकावर लॅपटॉप घेऊन हसणाऱ्या तरुणीचं असतं.

वेळेचा हिशेब आधीच मांडलेला बरा. इग्नूच्या मापाने एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचा अभ्यास. ८० श्रेयांकांची पदवी धरली, तर २,४०० तास. दोन वर्षांत उरकायची म्हटली, तर आठवड्याला २३ तास, रोजचे सव्वातीन. शाळा, घर, शेत सांभाळून हे अवघड आहे, आणि ‘सहज होतं’ म्हणून सांगणारा प्रवेश घेऊन बसलेला तरी असतो किंवा प्रवेश विकायला बसलेला तरी. मुक्त विद्यापीठं मात्र मुदत सैल ठेवतात. इग्नूची दोन वर्षांची एम.ए. चार वर्षांपर्यंत लांबवता येते. मग आठवड्याला साडेअकरा तास पडतात. अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात हे तासही सगळे आठवडे सारखे मिळत नाहीत. इग्नूच्या सत्रांत परीक्षा जूनला आणि डिसेंबरला. जूनची संपते तोवर पाऊस लागतो आणि जुलैत भाताची आवणी येते. त्या पंधरवड्यात घरातलं कुणीच मोकळं नसतं, मग ते सरकारी नोकरीत असो की नसो. डिसेंबरच्या आधी कापणी आणि झोडणी. पावसाळ्यात वीज जाते, मोबाइलची रेंज जाते, ऑनलाइन व्याख्यान मधेच गोठतं. इथला शहाणा विद्यार्थी वेळापत्रक भातशेतीकडे बघून आखतो.

समजा, इथल्या एखाद्या आश्रमशाळेतल्या शिक्षकाने किंवा शिक्षिकेने अशी पदवी घ्यायचं ठरवलं. अभ्यासाचा धागा कुठून काढायचा? राजूरच्या जवळून वाहणारी प्रवरा नदी त्यासाठी पुरेशी आहे. सुमारे दोनशे किलोमीटरची ही नदी रतनगडाच्या परिसरात उगम पावते आणि प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. तिचा काठ धरून खाली उतरलं, तर जवळपास प्रत्येक विद्याशाखा वाटेत भेटते.

वर घाटघरला पाऊस इतका पडतो, की त्याला ‘नगरची चेरापुंजी’ म्हणतात, आणि त्याच जिल्ह्याचा पूर्व भाग पाण्यासाठी टँकरची वाट बघतो. हा भूगोल आणि हवामानशास्त्र. खाली भंडारदऱ्याचं विल्सन धरण : काम १९१० मध्ये सुरू, १९२६ मध्ये पूर्ण, दगडी बांधकाम, उंची सुमारे ८२ मीटर. हे अभियांत्रिकी, पण ते पाणी कुणाच्या शिवारात गेलं आणि कुणाचं शिवार त्यात गेलं, हे राजकारण. धरणाच्या आसपास राहणारे महादेव कोळी आणि ठाकर. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी ‘द महादेव कोळीज’ हे पुस्तक १९५७ मध्ये लिहिलं. याच तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे इंग्रजांविरुद्ध उठले आणि १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. सरकारी कागदांत ते दरोडेखोर आणि डोंगरातल्या आठवणींत क्रांतिवीर. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचायला शिकणं, हा इतिहासाच्या पद्धतीचा पहिला धडा.

अकोले ओलांडून संगमनेर तालुक्यात गेलं, की जोर्वे. १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया यांच्या चमूने इथे उत्खनन केलं. तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या, लाल रंगावर काळी नक्षी काढलेली तोटीची भांडी मिळाली. आज दख्खनमधल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या संस्कृतीला जगभरचे पुरातत्त्वज्ञ ‘जोर्वे संस्कृती’ म्हणतात. संगमनेरला बाजाराला जाणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल? पुढे श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद. १९७४ मध्ये तिथे धातूच्या चार जड मूर्ती निघाल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांच्या रथात उभा माणूस. चारांचं मिळून वजन साठ किलोंहून जास्त. त्या नक्की कोणत्या काळातल्या, यावर विद्वानांचे वाद झाले, आणि त्या वादात धातूचं रसायन तपासणाऱ्यांनाही यावं लागलं.

त्याच पट्ट्यात लोणी आहे. भंडारदऱ्याच्या पाण्यावर पोसलेल्या उसासाठी विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र करून सहकारी साखर कारखाना उभारला. १९५० च्या अखेरीस पहिला गळीत हंगाम सुरू झाला. कारखान्याचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. फार न शिकलेला शेतकरी आणि केंब्रिजला शिकलेला अर्थतज्ज्ञ एका टेबलावर बसले, हा सहकाराच्या इतिहासातला फार रंगवून सांगितला जाणारा प्रसंग. पण राजूरच्या बाजूने बघितलं तर त्याला दुसरीही कड आहे. ऊस लोणीला पिकला, पाऊस मात्र डोंगरात पडला होता. आणि सगळ्यात शेवटी, संगमाच्या अलीकडे, नेवासे. शके १२१२, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी इथे सांगितली गेली. तत्त्वज्ञान, भाषा आणि साहित्य हे तिन्ही विषय एकाच खांबाला टेकून बसलेले.

हे सगळं आजच्या कोणत्याही एका एम.ए.च्या अभ्यासक्रमात मिळत नाही. इग्नूकडे ग्रामीण विकास, मानववंशशास्त्र, गांधी आणि शांतता अभ्यास, स्त्री आणि लिंगभाव अभ्यास अशा शाखा ओलांडणाऱ्या एम.ए. आहेत. ग्रामीण विकासाला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो आणि प्रबंधही लिहावा लागतो. पण पुस्तकं इंग्रजीत किंवा हिंदीत. पुण्याच्या विद्यापीठात स्त्री अभ्यास केंद्र १९८७ पासून आहे, मात्र तिथे वर्गात हजर राहायला हवं. पुण्या-मुंबईच्या खासगी विद्यापीठांतलं ‘लिबरल आर्ट्स’ बारावी झालेल्या, खिसा बरा असलेल्या मुलांसाठी आहे. मराठीतून, नोकरी करता करता, शाखांच्या भिंती ओलांडणारी एम.ए. शोधायला गेलं, तर हाती फार थोडं लागतं. फुल्यांनी रात्रशाळा काढली त्या महाराष्ट्रात ही उणीव डोळ्यांत भरते.

तोवर तुकडे जोडून काम भागवावं लागतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घेण्याची मुभा दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयोगाने स्पष्ट केलं, की मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या तोडीची धरली जाईल. २०२१ मध्ये श्रेयांकांची बँक सुरू झाली. तिथे जमा केलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत चालतात. ‘स्वयम’ या सरकारी संकेतस्थळावरचे अभ्यासक्रमही त्यात मोजले जातात, विद्यापीठाने मान्य केले तर. या ‘तर’पाशी बरेचजण अडखळतात, म्हणून आधी विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं.

आणखीही काही गोष्टी आधी बघाव्यात. निवडलेला कार्यक्रम आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या वर्षासाठी आहे का, हे त्यांच्याच संकेतस्थळावर तपासावं. गल्लीतल्या ‘प्रवेश सुरू’च्या फलकावर विसंबू नये. सरकारी नोकरांनी कार्यालयाची पूर्वपरवानगी घेतलेली बरी, नाहीतर पदवी मिळूनही सेवापुस्तकात नोंद व्हायला वर्ष जातं. आणि पुढे प्राध्यापक व्हायचं मनात असेल, तर नेट-सेटच्या विषयांची यादी आधी उघडावी. स्त्री अभ्यास किंवा लोकसाहित्य असे काही आंतरशाखीय विषय नेटच्या यादीत आहेत. पण महाविद्यालयातली जाहिरात ‘इतिहास’ म्हणून निघाली, की ‘ग्रामीण विकास’वाल्याचा अर्ज छाननीतच बाजूला पडतो. शाखा ओलांडणाऱ्याला नोकरीच्या बाजारात ही किंमत मोजावी लागते, आणि प्रवेशाच्या वेळी ती कुणी सांगत नाही.

पदवीशिवायही हे जमतं का? जमलं आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिती होते. पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करत. हार्वर्डची बी.ए. एवढीच त्यांची कमावलेली पदवी, इतिहासाची एकही नाही. त्यांनी प्राचीन नाणी ताजव्यात घातली. हातोहात फिरलेलं नाणं झिजतं, जुनं जास्त झिजतं, या साध्या गोष्टीवर संख्याशास्त्र लावून त्यांनी नाण्यांचा कालक्रम सुचवला. सुट्टीच्या दिवशी पुण्याभोवतीच्या टेकड्या पालथ्या घालून दगडी हत्यारं गोळा केली, शेंदूर फासलेल्या देवींची ठाणी आणि जुन्या व्यापारी वाटा यांचा मेळ लावला. १९६२ मध्ये ‘मिथ अँड रिॲलिटी’ आलं. अर्थात त्यांच्या घरी वडील धर्मानंद कोसंबी होते, पालीचे पंडित. आश्रमशाळेतल्या शिक्षकाच्या घरी तसं कुणी नसतं, म्हणून त्याला समंत्रक लागतो, पुस्तकांची पेटी लागते आणि ‘अमुक तारखेपर्यंत लिहून द्या’ असा दट्ट्याही लागतो.

दुसरं उदाहरण राजूरपासून फार लांबचं नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. गावठी बियाणं जपण्याच्या कामासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. वालाचे, घेवड्याचे कितीतरी वाण त्यांच्या घरच्या बीज बँकेत आहेत. कोणतं बी कोणत्या मातीत, कोणत्या पावसात, कोणत्या जेवणात चालतं, हे त्या सांगतात, तेव्हा वनस्पतिशास्त्र, पोषण आणि लोकपरंपरा यांच्या सीमा कुठे संपतात ते कळत नाही. एखाद्या शिक्षिकेला प्रबंधाचा विषय हवा असेल, तर तिथे एक दुपार घालवावी आणि वही सोबत न्यावी.

डांगीचा प्रश्नही तसाच उघडा पडला आहे. प्रदर्शनात बैल पुढे आणणाऱ्या पन्नास मालकांना चार साध्या गोष्टी विचारल्या, चारा कुठून येतो, जोडी केवढ्याला घेतली, नांगरटीला वर्षात किती दिवस लागते आणि घरातलं कोण गुरांमागे जातं, तरी निम्मा प्रबंध जमा होतो. उरलेला निम्मा वनखात्याच्या नोंदींत, पशुगणनेच्या तक्त्यांत आणि तालुक्याच्या जुन्या दप्तरांत.

झोडणी उरकते न उरकते तोच डिसेंबरच्या परीक्षेचं हॉलतिकीट निघतं. केंद्र संगमनेरला आलं, तर राजूरहून पहाटेची एसटी पकडावी लागते. थंडीत काचा धुक्याने भरलेल्या, आत एका बाजूला दुधाचे कॅन, एका बाजूला शाळेची पोरं. रस्ता अकोल्यावरून नदीच्या सोबतीने उतरत जातो. परीक्षार्थी मांडीवरचं पुस्तक उघडतो, ‘स्वयं-अध्ययन प्रश्न’ सोडवायला घेतो आणि संगमनेर येईपर्यंत घटक तीन कसाबसा संपतो.